उजव्या दारावरचा राजा

अँटवर्प, सेंट मार्टिनच्या सणाचा दुसरा दिवस, १५२३

लोपो,

तू जिवंत आहेस असं धरून लिहितोय. नसशील तर ज्यानं हे उघडलं त्यानं पुढे वाचू नये. घरगुती आहे.

आठ वर्षांत एक ओळ नाही आणि आज एकदम काय, असं म्हणशील. तूही लिहिली नाहीस. तू ल्युबेकला तुतारी फुंकतोस, लाल डगला घालतोस, नगरशेठ जेवायला बसले की मागे उभा राहतोस, हे सगळं मला खलाशांकडून कळतं. मी विचारत नाही. तेच सांगतात, “तुझ्यासारखाच एक तिकडे आहे, पण उंच.” पण उंच. हे शेवटी लावतातच.

असो. बातमी अशी की मी राजा होणार आहे.

हसून झालं? मग ऐक. पिंपवाल्यांच्या संघानं त्यांच्या वेदीसाठी गिलिस मास्तरांना मोठं चित्र सांगितलंय. कपाटासारखं, दोन दारांचं. मधल्या फळीवर मेरी आणि बाळ येशू, पायाशी ताऱ्यामागून भेटी घेऊन आलेल्या तीन राजांतला म्हातारा. डाव्या दारावर दुसरा राजा. उजव्या दारावर तिसरा, म्हणजे काळा. गेल्या आठवड्यात मी मिरीची रिकामी पिंपं परत द्यायला संघात गेलो, तर मास्तर वेदीची मापं घ्यायला आलेले. माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, “तोमे, तू कधी बसला नाहीस ना माझ्याकडे?”

“तुम्ही कधी बोलावलं नाहीत.”

“सोमवारपासून ये. आंघोळ करून ये, तुझ्या मिरीनं सगळ्यांना शिंका येतात.”

तुला एकदा बसवलं होतं त्यांनी. एक सकाळ. मला नाताळपर्यंत बसवणार आहेत. मुद्दाम नाही सांगत, ओघात आलं.

डिम्फना बरी आहे. तू विचारलं असतंस म्हणून. तू गेल्यावर तिनं एका पिंपवाल्याशी लग्न केलं, तो मागच्या वर्षी तापानं गेला. दर रविवारी मी तिच्याकडे जेवतो. वाटाण्याचं सूप आणि मोहरी लावलेलं डुकराचं मटण. मी तिला लग्नाचं विचारलंय. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मधे तिचा भाऊ आहे. वाउटर, लाल मानेचा, आठवतो ना? तो आता संघाचा पंच झालाय. परवा माझ्यासमोर तिला म्हणाला, “पिंपवाल्याच्या विधवेनं कुणाचा हात धरावा हे बघायला संघ आहे. तोमे चांगला आहे, मी कुठे नाही म्हणतो? घोडाही चांगला असतो.”

मी सूप पीत राहिलो. काय करणार? पण आता बघ. येत्या तीन राजांच्या सणाला हाच वाउटर, लाल मान खाली घालून, त्या दारासमोर गुडघे टेकणार. माझ्यासमोर. मग म्हणू दे घोडा. मग बघतो डिम्फनाला कोण अडवतो.

तोमे


सेंट निकोलसनंतरचा गुरुवार

लोपो,

उत्तर नाही. बरं.

मी रोज सकाळी बसतोय. अंगावर भरजरी झगा, म्हणजे मास्तरीणबाईंचा पडदा, टाचण्या लावून. हातात सोन्याचा डबा, म्हणजे मोहरीचं भांडं. ते फळीवर कसं सोनं करतात देव जाणे, पण करतात.

“मान सरळ,” मास्तर ओरडतात.

“सरळच आहे.”

“राजासारखी सरळ. तू ओझं असल्यासारखी धरतोस.”

“ओझंच असतं रोज.”

“आत्ता आहे का? नाही ना? मग?”

लोपो, मला कुणी एवढा वेळ बघितलेलं नाही. धनी बघतात ते माल उतरला का म्हणून. पाद्री बघतो तो मी आलो का म्हणून. हा माणूस माझ्या गालात निळं शोधतो, नाकाच्या शेंड्यावर तांबूस शोधतो, मिळालं की जीभ बाहेर काढून हसतो. म्हणतो, “काळा म्हणून काळा थापणारे गाढव असतात.” पलीकडे त्याचा कारागीर योरिस बसलेला असतो, झाडंझुडपं करत. तो मुकाट्यानं काळ्या रंगाची बाटली बाजूला सारतो.

हात झाले. माझेच आहेत. पिंपाखाली चेचलेला अंगठासुद्धा काढलाय. चेहरा शेवटी करणार. तो खडूनं कागदावर काढून भिंतीला टाचलाय, फळीवर अजून जागा कोरी आहे.

आता तुला माहीत नसलेली एक गोष्ट. माहीत असेल तर ढोंग करू नकोस.

तू या गावात सगळीकडे आहेस. मासळीबाजाराजवळच्या चर्चमध्ये तू आहेस, हिरव्या झग्यात. गवंड्यांच्या वेदीवर आहेस, डोक्याला पांढरं बांधून. त्या एका सकाळी मास्तरांनी तुझं तोंड काढलं, त्याचा खाका केला. रेघेरेघेवर सुईनं भोकं. कागद फळीवर धरायचा, कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून थापटायची, कागद उचलला की खाली ठिपक्यांचा लोपो. शेजारच्या कारखान्यानं तो खाका उतरवून घेतला, त्याच्या शेजारच्यानं त्याच्याकडून. आता तू बोटीत बसून स्पेनला जातोस, स्वीडनला जातोस. मी मिरी चाळतो आणि तू देवाला डबा देतोस. दर वेळी. न थकता.

आपण एका गलबतातून उतरलो. एका चुलीपाशी झोपलो. म्हाताऱ्या धन्यानं मरताना एकाच कागदावर दोघांना गुलामीतून मोकळं केलं. ल्युबेकचे लोक तुतारीसाठी माणूस शोधत आले, तेव्हा माझा सूर तुझ्यापेक्षा चांगला लागला होता, हे तुलाही माहीत आहे. त्यांनी तू उंच म्हणून तुला घेतलं. डिम्फना तेव्हा आपल्या दोघांनाही चिडवायची, पण तुला चिडवताना तिचे कान लाल व्हायचे. तू तिला न सांगता गेलास, तरी कान तुझ्यासाठीच लाल.

तिची वेदी पिंपवाल्यांची. पण ती दर शुक्रवारी मासळीबाजाराजवळ जाते. मी विचारलं, “एवढ्या लांब कशाला?”

म्हणाली, “तिथला पाद्री लवकर संपवतो.”

मी एकदा जाऊन बघितलं. तो पाद्री अजिबात लवकर संपवत नाही.

पण आता पिंपवाल्यांच्या वेदीवर मी येणार. मग तिला लांब जायला कारण उरणार नाही.

तोमे


तीन राजांचा सण, दुपारी

लोप्या,

हरामखोरा.

आधी जेवणाचं सांगतो म्हणजे जरा शांत होईन. नाही, नाही होत. आधी चर्चचंच ऐक.

सकाळी मी नवा सदरा घातला. डिम्फनानं माझी कॉलर नीट केली, आणि चारचौघांत केली. आत सगळा संघ जमलेला. बायका उजव्या खांबाकडे, पुरुष डावीकडे, मी मागे. पाद्र्यानं चित्राची दारं उघडली. मधे मेरी. ती बेकरची पोरगी आहे हे सगळ्यांनी ओळखलं, खसखस पिकली. मागे जोसेफ, म्हणजे संघाचा म्हातारा पहारेकरी. तो तिथेच टोपी हातात घेऊन उभा होता आणि रडत होता.

मग मी उजव्या दाराकडे बघितलं.

झगा माझा. हात माझे. चेचलेला अंगठा माझा. वाकलेला गुडघा माझा. आणि मानेवर तू.

तेच तोंड. तेच मिटलेले ओठ, तेच ‘मला काय त्याचं’ म्हणणारे डोळे. आणि पुढे ऐक. तू बाळाकडे बघतसुद्धा नाहीस! अंग बाळाकडे, डबा बाळाकडे, आणि तोंड गर्रकन मागे, चित्राबाहेर, उजव्या खांबाकडे. पहिल्या रांगेत डिम्फना. देवाचं पोर समोर आहे, तारा डोक्यावर आहे, आणि तू बायका बघतोयस!

आणि तीही वर बघत होती. कितीतरी वेळ. सगळे गुडघ्यावर गेले तरी ती उभीच.

वाउटरनं गुडघे टेकले. तुझ्यासमोर.

नंतर संघाच्या दालनात जेवण. केक कापला, आत लपवलेला वालाचा दाणा एका कर्जबाजारी पिंपवाल्याच्या वाट्याला आला, त्याला राजा केला, तो प्याला की सगळे “राजा पितोय!” म्हणून बोंबलत होते. ताऱ्याचं गाणं म्हणणाऱ्यांनी एकाच्या तोंडाला चुलीतली काजळी फासली, तिसरा राजा म्हणून. मी समोर बसलोय. कुणीतरी म्हणालं, “अरे खरा इथे बसलाय, काजळी कशाला वाया घालवता?”

त्यावर वाउटर म्हणतो, “काजळीवाला उद्या तोंड धुतो आणि कामाला लागतो. हा उद्याही राजाच राहिला तर पिंपं कोण उचलणार?”

सगळे हसले. मीही हसलो, लोपो. ते जास्त लागलं.

तिथून उठलो तो थेट मास्तरांच्या कारखान्यात. तर कळलं, चेहरा कागदावरून करीन म्हणून नाताळाआधी मला सुट्टी दिली आणि दुसऱ्याच दिवशी मास्तरांना ताप भरला, ते अंथरुणात. चित्र योरिसनं पुरं केलं.

“चेहरा कोरा होता,” योरिस म्हणाला. “मी खाका लावला.”

“माझा चेहरा भिंतीवर होता!”

“तो कुणाचा हे मला काय माहीत? तिसऱ्या राजाचा खाका ठरलेला आहे.”

“आणि तो मागे का बघतोय?”

योरिसनं खाका हातात घेऊन उजेडात धरला. एकदा असा, एकदा तसा. “उलटा पडला वाटतं. भोकं दोन्हीकडून सारखीच दिसतात. पण मला आवडलं ते. नोकरांना हाक मारतोय असं वाटतं.”

पिंपवाल्यांना तसं वाटलेलं नाही. संघाचे म्हातारे पंच जेवताना उठून म्हणाले, “देवाकडे पाठ फिरवणारा राजा आमच्या वेदीवर नको.” दार उद्या बिजागऱ्यांतून काढून मास्तरांकडे जाणार. या वेळी ताप उतरला की मास्तर स्वतः करणार आहेत. मला समोर बसवून.

तुझं तोंड खरवडणार आहेत, लोपो. मी बघायला जाणार आहे.

तोमे


मेणबत्त्यांच्या सणाच्या आदल्या दिवशी

तुझं उत्तर आलं. चार ओळी. तुझ्याच तुला परत वाचून दाखवतो.

“गिलिस मास्तर कोण ते आठवत नाही. हेरिंग खायला दिलं होतं तो का? तू राजा झालास, छान झालं. डिम्फनाला माझा नमस्कार सांग. इथे थंडी फार.”

आठवत नाही!

आठ वर्षं ज्यासाठी माझ्या पोटात जाळ आहे, ते तुला एका हेरिंगमुळे अर्धवट आठवतं. तू विसरला नसतास तर बरं झालं असतं. तू माजला असतास, शेखी मिरवली असतीस, तर मी तुझा नीट द्वेष केला असता. हे असं वाटेत पडलेल्या चमच्यासारखं कुणाला राजेपण मिळतं का?

नमस्कार मी सांगितलेला नाही.

खरवडताना मी होतो. योरिसनं आधी ओठ काढले, मग नाक. खालून पांढरं निघालं. सगळ्यांच्या खाली तेच असतं म्हणे, खडूचा थर, मेरीच्याही. डोळे काढायच्या वेळी मी बाहेर गेलो. वास येत होता म्हणून.

उद्यापासून मी बसतोय.

तोमे


राखेच्या बुधवाराआधीचा शनिवार

लोपो,

झालं चित्र. म्हणजे झालं होतं.

मास्तरांनी कुणाला हात लावू दिला नाही. माझ्या कपाळावर घाम काढला. मी म्हटलं, “राजाला घाम कसला?” म्हणाले, “एवढ्या लांबून आलाय, घाम नाही येणार?” संपल्यावर मला फळीसमोर उभं केलं. मी तुझ्याइतका देखणा नाही. ते मला आधीच माहीत होतं, तू सांगायची गरज नाही. पण तो दारावरचा माणूस बाळाकडे असा बघत होता, की कुणीतरी नाजूक भांडं हातात दिलंय आणि आता श्वास कसा घ्यायचा कळत नाही. मी असा दिसतो हे मला ठाऊक नव्हतं. डिम्फनाकडे बघतानाही मी असाच दिसत असेन तर तिला एव्हाना कळायला हवं होतं.

मग पंच आले, म्हातारे आणि वाउटर. मी तसाच, पडदा अंगावर.

“हुबेहूब आहे,” म्हातारे पंच म्हणाले.

“आभारी आहे,” मास्तर म्हणाले.

“तेच सांगतोय. हुबेहूब आहे.”

मग वाउटर म्हणाला, “हा तोमे आहे.”

“तोमेच आहे. बसला होता ना समोर.”

“पण इथे राजा पाहिजे, मास्तर. लांबून, ताऱ्याच्या मागे मागे आलेला. हा धक्क्यावरून येतो.”

मी म्हटलं, “मेरी बेकरीतून येते.”

“ती वेगळी गोष्ट.”

“जोसेफ तुमच्या दारात झोपा काढतो.”

“तोमे, अरे, ती आपली माणसं आहेत.”

हे वाउटर वाईटपणानं बोलला नाही. तेच वाईट होतं. समजूत घालावी तसा बोलला. मग मी कुणाचा, हे विचारायला मी तोंड उघडलं, पण टाचणी टोचली आणि ‘आई गं’ एवढंच बाहेर पडलं.

म्हाताऱ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मनाला लावून घेऊ नकोस, बाळा. आधीचा होता त्याला कुणी ओळखत नाही. म्हणून त्याच्यासमोर गुडघे टेकायला जड जात नाही.”

“मला ओळखता म्हणून जड जातं?”

“हो,” म्हातारे म्हणाले. खरं बोलले. मग स्वतःच खाली बघत राहिले.

मास्तर चिडले, भांडले, ब्रश फेकला. पण करार पिंपवाल्यांचा, लाकूड पिंपवाल्यांचं, आणि मास्तरांना घर चालवायचंय. शेवटी म्हणाले, “योरिस, खाका काढ.”

वाउटर दारातून वळून म्हणाला, “आणि या वेळी सुलटा लाव.”

माझ्यात आणि तुझ्यात एवढाच फरक निघाला बघ. मी इथे राहिलो. तू निघून गेलास, म्हणून तू राजा.

तोमे


राखेचा बुधवार

योरिसनं माझं तोंड खरवडलं. तुझ्या वेळी मी बाहेर गेलो होतो. या वेळी उभा राहून पुरतं बघितलं.


उपवासाच्या मधला रविवार

लोपो,

तीन आठवडे मी डिम्फनाकडे गेलो नाही. मग तीच आली, वखारीत, भर दिवसा, मिरीच्या ढिगात. दोनदा शिंकली आणि म्हणाली, “सूप ओतून द्यावं लागलं. मेला आहेस का?”

मी म्हटलं, “तू त्याच्याकडे बघत होतीस.”

“कुणाकडे?”

“दारावरच्या.”

“बघत होते. मान मुरगळल्यासारखी होती त्याची. आणि हात तुझे होते. मी म्हटलं, हे काय, तोमेच्या हातांवर हे कुणाचं तोंड लावलं?”

“आणि मासळीबाजाराजवळ? तिथले हात माझे नाहीत.”

या वेळी ती पाद्री लवकर संपवतो वगैरे म्हणाली नाही. एका गोणीवर बसली. “तो न सांगता गेला, तोमे. एखाद्याला रस्त्यात गाठून विचारता येतं, का गेलास म्हणून. मला फळी मिळाली. मी दर शुक्रवारी जाते आणि शिव्या देते.”

“चर्चमध्ये?”

“मनात देते. ओठ हलले तर लोकांना प्रार्थना वाटते.”

मला बरं वाटायला हवं होतं की नाही? पण माझ्या मनात काय आलं सांगू? मला तिनं कधी एवढ्या मनापासून शिव्यासुद्धा दिल्या नाहीत. त्याही तुलाच. मी तसं बोलूनही गेलो.

मग दिल्या. लोपो, काय दिल्या! वखारीतली पोती उचलणारी माणसं थांबून ऐकायला लागली. शेवटी म्हणाली, “दर रविवारी ताटात सूप कमी आणि लोपो जास्त. तुला माझ्याशी लग्न करायचंय की त्याच्याशी, ते एकदा ठरव. माझं ठरलंय.”

“काय ठरलंय?”

“गाढवा, हो म्हणतेय मी.”

वाउटरला तिनं परस्पर सांगितलं. म्हणाली, “चित्रातल्या राजाला तुमची परवानगी लागत असेल. माझ्या नवऱ्याला नको.” तो म्हाताऱ्या पंचांकडे धावला. तर म्हातारे म्हणाले, “होऊ दे.” एवढंच. त्यांना त्या दिवसाचं लागलं असावं. चित्रात जागा दिली नाही तर निदान घरात तरी, असं काहीतरी. मला दया नको होती, पण ती या वाटेनं आली तर घेतली. वाउटर आता मला ‘भाऊजी’ म्हणतो. दात आवळून म्हणतो, पण म्हणतो.

तर मग मी एवढ्यावर खूश असायला हवं. नाही ना.

लग्न पिंपवाल्यांच्या वेदीपुढे लागणार. पिंपवाल्याची विधवा, पिंपवाल्याची बहीण, दुसरीकडे लागूच शकत नाही. आणि लग्नाला चित्राची दारं उघडतात. म्हणजे मी तिचा हात धरून उभा, आणि वर तू. आता सुलटा, बाळाकडे बघणारा, शहाण्यासारखा. माझ्याच हातात डबा धरून.

मी पाद्र्याकडे गेलो. म्हटलं, “त्या दिवशी दारं मिटता येतील का?”

“दारं ईस्टरपर्यंतच्या उपवासात मिटलेली असतात.”

“मग आमचं उपवासात लावा.”

“उपवासात लग्न लागत नाही, तोमे.”

“मग नाताळाआधीच्या उपवासात?”

“त्यातही लागत नाही. जेव्हा लग्न लागतं तेव्हा दारं उघडी, दारं मिटलेली तेव्हा लग्न बंद. असं का विचारतोस?”

मी काय सांगणार? म्हटलं, “उजेड डोळ्यांवर येतो.”

घरी येऊन खूप विचार केला. दारावरच्याशी मला भांडता येत नाही. तो जाड होत नाही, त्याचे दात पडत नाहीत. तिनं विचारलं का गेलास, तर तो काही वेड्यासारखं बोलत नाही, म्हणून ती विचारतच राहते. मी सत्तर वर्षांचा होईन, खोकेन, आणि दर रविवारी तो तसाच. मला तो नको. मला तू परवडशील.

म्हणून ये.

मेच्या पहिल्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी. हॅम्बुर्गहून गलबतं येतात, आपले खलाशी आहेत, मी सांगून ठेवलंय. राहायला वखारीच्या माडीवर जागा आहे. ती तुला विचारणार, का गेलास म्हणून. तू तुझ्या तोंडानं सांग, जे असेल ते. उंच होतो म्हणून गेलो, असं सांगितलंस तरी चालेल. मी मधे बोलणार नाही. तुझं सांगून झालं की ती कुणाकडे बघते एवढंच मला बघायचंय.

भीती वाटते, लोपो. खोटं कशाला सांगू? ती तुझ्याकडेच बघत राहिली तर मी काय करीन, मला माहीत नाही. पण फळीवरचा बघत असताना मिळालेलं ‘हो’ मला पुरणार नाही. तुझ्यासमोर मिळालं तर जन्मभर पुरेल.

तर जसा असशील तसा ये. पोट सुटलं असेल तर पट्टा आवळू नकोस. आणि दाढी पिकली असेल तर देवाची शपथ, काळी करू नकोस.

तोमे